‘धर्मादाय’ या शब्दाचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा गरिबांना मिळत नाहीत, अशी तक्रार वृत्तपत्रांतून वारंवार येते आणि ती रास्तच आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली, म्हणून या तक्रारीची फारशी न बोलली जाणारी बाजू मला मांडावीशी वाटते. खाट मिळते तेव्हाही ती ज्या रीतीने दिली जाते, त्या रीतीत मुळातच काही चुकते आहे. ती चूक समजून घ्यायची, तर ‘धर्मादाय’ या शब्दाच्या बरेच मागे जावे लागते.

एक प्रसंग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मराठवाड्यातून नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई माझ्या टेबलापुढे उभी होती. खुर्ची रिकामी असूनही ती बसायला तयार नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने आधी शिधापत्रिका काढली, मग चार घड्या घातलेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला. घडीवर तो फाटला होता, मागून चिकटपट्टी लावलेली होती आणि त्याची मुदत मार्चअखेर संपलेली होती. कार्यालयाने अर्ज परत केला. नवा दाखला आणायला ती गावी गेली आणि पाचव्या दिवशी परत आली. खाट मिळाली, नवरा बराही झाला. निघताना तिने माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, “ताई, लई पुन्य लागंल तुमाला.” कायद्याने जे तिचे होते, तेच तिला मिळाले होते, आणि तेही पाच दिवस उशिरा. त्या पुण्याची मला लाज वाटली, आजही वाटते.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ककच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. शिवाय सर्व रुग्णांच्या देयकांच्या एकूण रकमेतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत वेगळे काढायचे असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता आधी दाखल करून घ्यावे आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेत, असेही ती योजना सांगते.

बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला हे दोन टक्के नवखे वाटणार नाहीत. अडत्याच्या पट्टीवर हमाली आणि तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ असाही एक रकाना असे, आणि सौदा नफ्याचा होवो की तोट्याचा, ती किरकोळ रक्कम कापली जाई. मुंबईचे पांजरापोळ, म्हणजे मोकाट आणि निराधार जनावरांचा आसरा, १८३४ साली उभे राहिले ते शहरातली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून उसळलेल्या दंग्यानंतर. सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि पुढे ते चालले ते पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर बसवून घेतलेल्या अशाच लाग्यावर, म्हणजे ठरावीक पट्टीवर. देणाऱ्याला त्या दिवशी दया आली की नाही, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. मुसलमानांच्या जकातीतही हेच तत्त्व आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा द्यायचा, आणि तो कोणाला द्यायचा हेही ठरलेले.

याहून जुना पुरावा आपल्या नाशिकच्या लेण्यांत आहे. पश्चिम भारतातला शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तिथल्या भिंतीवर आपल्या दानांचा तपशील कोरून ठेवला. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहाणुका या नद्यांवर त्याने मोफत नावा ठेवल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची ठेव. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, त्याने २००० कार्षापणे (त्या काळची नाणी) दरमहा एक टक्का व्याजाने ठेवली, दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापणे पाऊण टक्क्याने, आणि मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, असे लिहून दिले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळायची होती. हिशेब काटेकोर जुळतो. गोवर्धनच्या निगमसभेत तो वाचून नोंदवलाही गेला. भिक्षूला त्या वर्षी कोणापुढे हात पसरावा लागला नसेल, कारण त्याचा वाटा आधीच बाजूला काढलेला होता.

ही सगळी उजळ बाजू झाली. याच परंपरेत दुसराही धागा आहे आणि तो लपवून चालणार नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात योग्य देशी, योग्य काळी आणि ‘पात्री’ दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. पात्र कोण, हे व्यवहारात बहुतेक वेळा जन्मावरून ठरले. पेशवाईत पुण्याला श्रावणमासी रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जाई, ती ब्राह्मणांना. राज्य गेल्यावर इंग्रजांनी तो खर्च आखडता घेतला, आणि १८४९ साली लोकहितवादींसारख्या काही सुधारकांनी त्यातला पैसा मराठी ग्रंथांना द्यावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! आज आपल्या सरकारी अर्जांवर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे शिक्के बसतात. हे शब्द कुठून आले, याचा विचार ते मारणाऱ्याच्या मनात येत नसेल, पण उंबरठ्यावर थांबवून माणसाची पारख करण्याची सवय त्या शब्दांबरोबर आलेली आहे.

महाराष्ट्रातल्या खऱ्या समाजकार्याची सुरुवात माझ्या मते ही पारख ज्यांनी नाकारली त्यांच्यापासून होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवेपेक्षा अधिक ‘अपात्र’ त्या काळच्या धर्मशास्त्राला कोण दिसत असेल? तिला नाव-गाव न विचारता बाळंत होता येई. त्या घरात जन्मलेल्या यशवंताला दोघांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात रुग्ण पोचवता पोचवता स्वतः गेल्या. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या मुन्सफाच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम निघाला, तोही विठ्ठलाच्या वारीच्या गावात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. सत्यशोधक काय किंवा प्रार्थना समाजिस्ट काय, ही माणसे धर्म सोडून बाहेर पडलेली नव्हती. आपल्या ईश्वरनिष्ठेच्या बळावरच ती रूढ धर्माशी भांडत होती. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेले, तहानलेले, बेघर, रोगी अशी गरजेची नावे आहेत. जातीची अट नाही, पात्रतेचीही नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बांधली ती अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मात्र मी हे सारे ओझरतेच शिकले. तिथे इंग्लंडचा १६०१ चा दरिद्री कायदा पाठ करावा लागे, आणि रुग्णालयातल्या समाजकार्याची सुरुवात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली नेमलेल्या मेरी स्टुअर्ट यांच्यापासून सांगितली जाई. त्यांच्या पदाचे नाव ‘आल्मनर’ होते. ख्रिस्ती मठात भिक्षा वाटणाऱ्या अधिकाऱ्याचे हे जुने नाव. स्टुअर्ट यांच्यावर सोपवलेले पहिले काम होते, फुकट उपचाराला आलेल्यांपैकी पैसे भरू शकणारे कोण, ते हुडकून काढण्याचे. पुढे त्या मंडळींनीच हे काम रुग्णाच्या बाजूचे केले, हे मान्य. पण संशय त्या टेबलाबरोबर जन्मला होता. मुंबईत १९३६ साली अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या नेतृत्वाखाली, नागपाड्यात, टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आमचे टेबल तिथून आले. एका बाजूने आल्मनरची चौकशी आणि दुसऱ्या बाजूने आपली पात्र-अपात्रता, असा दुहेरी वारसा त्याला मिळाला. नाशिकच्या भिंतीवरचा हिशेब आणि फुल्यांच्या घराचा उघडा दरवाजा मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिला.

खाटा मोजक्या असतात, लबाडी करणारेही येतात आणि चौकशी करावीच लागते, हे मी नाकारत नाही. मी स्वतः हजारो अर्ज तपासले आहेत. पण चौकशीचा भार कोणी वाहायचा, हे ठरवता येते. दाखल्याची मुदत संपली असेल तर रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे आणि तहसील कार्यालयाशी पत्रव्यवहार रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने करावा. तातडीच्या रुग्णासाठी योजना आजच हे सांगते. इतरांनाही ते लागू करण्यास पैसा लागत नाही. त्या महिन्यात निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि किती खर्च झाले, याचा आकडा दारातल्या फलकावर मराठीत लावावा, म्हणजे आत येणाऱ्याला आपला वाटा बाजूला काढलेला दिसेल. समाजकार्य महाविद्यालयांनी रुग्णालयात कामाला पाठवण्याआधी विद्यार्थ्यांना एकदा नाशिकच्या लेण्यांत आणि एकदा पंढरपूरच्या बालकाश्रमात न्यावे. आणि अर्जाचा पहिला रकाना भरण्याआधी समोर उभ्या असलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून घ्यायचे, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका, पुणे