लगाम राज्याकडे, मतमोजणी परिषदेकडे

संपादक महोदय,

अमेरिकेत ५० पैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनादुरुस्ती परिषद बोलवावीच लागते. पण आजवरच्या २७ही दुरुस्त्या काँग्रेसनेच सुचवल्या. परिषदेची ही दुसरी वाट कुणी चाललेलेच नाही. परिषदेत राज्याचे प्रतिनिधी कोण नेमणार, किती, आणि त्यांपैकी कुणी भलतेच मत दिले तर काय, यावर अमेरिकी घटनेच्या पाचव्या, घटनादुरुस्तीच्या अनुच्छेदात अवाक्षर नाही. १९७१ मध्ये सिनेटने ८४ विरुद्ध ० मतांनी एक विधेयक मंजूर केले होते : काँग्रेसमध्ये राज्याचे जितके सदस्य तितके प्रतिनिधी, तेही लोकांनी निवडलेले. ते कायद्यापर्यंत पोचलेच नाही.

मग राज्यांनी स्वतःचे कायदे केले. इंडियानाचा २०१३चा कायदा यात सर्वांत नेटका. विधिमंडळ प्रतिनिधी नेमते आणि प्रत्येकाला एक पर्यायी प्रतिनिधी जोडून देते. नोंदणीकृत लॉबीस्ट (हितसंबंधी गटांसाठी सरकारदरबारी रदबदली करणारा) चालत नाही. शपथ घ्यावी लागते. विधिमंडळाच्या सूचनांबाहेर दिलेले मत रद्द, नेमणूक तिथेच संपते आणि जोडीदार त्या जागी बसतो. जाणूनबुजून केले असेल तर फौजदारी गुन्हा. मत सूचनांच्या चौकटीत बसते का, हे विचारायला तीन न्यायाधीशांचा सल्लागार गटही आहे.

कागदावर पक्के. पण ‘मत रद्द’ असे इंडियानाने म्हटले तरी मते मोजतो परिषदेचा सचिव, आणि त्याला इंडियानाचा कायदा बंधनकारक नाही. ठराव संमत झाल्यावर वर्षभराने खटला उभा राहिला तर ठराव मागे येत नाही. शिवाय दुरुस्तीला राज्यांनी मंजुरी देण्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९२० आणि १९२२ मध्ये म्हटले आहे की घटनादुरुस्तीत विधिमंडळ संघराज्याचे काम करते, राज्याच्या नियमांनी ते अडवता येत नाही. अशा कायद्यांचे समर्थक त्याच न्यायालयाच्या २०२०च्या निकालाकडे बोट दाखवतात : अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यातर्फे मत देणाऱ्या प्रातिनिधिक मतदारांपैकी (इलेक्टर) जे फुटतात, त्यांना राज्ये दंड करू शकतात. मला ही तुलना अपुरी वाटते. ते मतदार ठरलेले नाव लिहितात. परिषदेत मसुदा रोज बदलतो.

१७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत लगाम नेमणूकपत्रातच होता. डेलावेअरने लिहून दिले होते की राज्यांच्या समान मताला हात लावू नका. तो विषय निघताच डेलावेअरचे प्रतिनिधी जॉर्ज रीड यांनी, आम्हाला कदाचित निघून जावे लागेल, असे बजावले आणि चर्चा पुढे ढकलली गेली. उलट न्यूयॉर्कचे तिघांपैकी दोघे जुलैत घरी गेले. तिसरे, हॅमिल्टन, मध्यंतरी गेले होते, ते पुढे परतले, सही केली, पण एकट्याच्या जोरावर राज्याचे मत धरले गेले नाही.

म्हणून नेमणूकपत्रात तीन गोष्टी हव्यात : राज्याचे मत द्यायला किमान किती प्रतिनिधी हजर लागतील, त्यांना परत बोलावण्याचा आदेश विधिमंडळाचे अधिवेशन नसताना कोण काढणार, आणि तो सचिवाच्या हाती पडताच मत थांबेल. तिसरी गोष्ट परिषदेच्या नियमांत पहिल्याच दिवशी, इतर कोणताही ठराव येण्याआधी, मंजूर करून घ्यावी लागेल.

– घटनाकायद्याचा एक अभ्यासक, पुणे