विहिरीच्या पोटातील पाचर आणि तिची नोंद

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबई हायच्या जुन्या क्षेत्रातून अधिक तेल आणि वायू काढण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड जाहीर केली. तेव्हापासून या विषयावरील बातम्या मी लक्षपूर्वक वाचत आलो आहे. त्यांत बॅरलचे आणि रुपयांचे आकडे असतात. परंतु १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने शोधलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या या क्षेत्रातील विहिरींच्या आत काय काय बसवलेले आहे आणि ते आजही घट्ट धरून आहे का, याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. समुद्रातील रिगांवर मी २६ वर्षे विहिरींच्या दुरुस्तीचे, म्हणजे वर्कओव्हरचे काम केले. त्यातला बराचसा काळ पॅकर आणि ब्रिज प्लग बसवण्यात व काढण्यात गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तेलविहीर म्हणजे जमिनीत पाडलेले नुसते भोक नव्हे. तिच्यात सिमेंटने पक्का केलेला पोलादी पाइप असतो, त्याला केसिंग म्हणतात. केसिंगच्या आत ट्यूबिंग ही त्याहून बारीक नळी सोडलेली असते आणि तेल-वायू तिच्यातून वर येतो. या दोन नळ्यांमधली पोकळी ज्या ठिकाणी बंद करायची, तिथे पॅकर बसवतात, आणि अख्खी विहीरच आतून बंद करायची असेल तर ब्रिज प्लग. बाहेरून आत स्क्रू मारता येत नाही, वेल्डिंग करता येत नाही. दीड-दोन हजार मीटर खोलवर, नजरेआड, गुळगुळीत पाइपाच्या आतल्या भिंतीला हे साधन स्वतःच्या बळावर चिकटून राहावे लागते. ते ज्या युक्तीने राहते, ती आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण त्यात पाचर ठोकतो. पॅकरमध्येही पाचरच असते. पोलादी शंकूवर दातेरी तुकडे, म्हणजे स्लिप, सरकत वर चढतात, चढता चढता बाहेर फाकतात आणि त्यांचे दात केसिंगमध्ये रुततात. हे दात केसिंगच्या पोलादापेक्षा कठीण केलेले असतात. पॅकरला जितके ढकलावे, तितकी पाचर अधिक आवळते. स्लिपने पकड घेतली की मधले रबर दाबले जाऊन फुगते आणि पोकळी बंद करते. रबर गळती थांबवते, पण रबराला जागेवर धरून ठेवणारी ती स्लिपच. एकेक स्लिप तळहातावर मावण्याइतकी असते.

तिच्यावर भार किती येतो, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येईल. सात इंची, फुटाला २९ पाउंड वजनाच्या केसिंगच्या आतील पोकळीचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस इंच भरते. प्लगच्या दोन बाजूंच्या दाबात ३,००० पीएसआयचा (दर चौरस इंचाला पाउंड) फरक असेल, तर त्याच्यावर ९०,००० पाउंड, म्हणजे जवळजवळ ४१ टन जोर येतो. सहाचाकी भरलेले दोन मालट्रक एकावर एक उभे करावेत, त्याहूनही हा भार जास्त आहे. मुंबई हायमध्ये दाब टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेले समुद्राचे पाणी खडकात सोडतात, त्या विहिरींत आणखी एक ओढ निर्माण होते. गार पाण्याने ट्यूबिंग थंड होते आणि आखडते. दीड हजार मीटर लांबीची ट्यूबिंग सरासरी ३० अंशांनी थंड झाली, तर ती अर्ध्या मीटरहून अधिक आखडू पाहते. वर वेलहेडला, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी, आणि खाली पॅकरला ती जखडलेली असेल, तर साडेतीन इंची नेहमीच्या ट्यूबिंगमध्ये सुमारे १३ टनांचा ताण उभा राहतो आणि तो पॅकरला वर खेचत असतो. गॅस लिफ्टच्या, म्हणजे पोकळीत वायू दाबून तेल वर उचलणाऱ्या, विहिरींत तर पॅकरच्या डोक्यावर कायमच दाबाखालचा वायू असतो. (मेहसाण्याच्या विहिरींवर डोके वरखाली करणारे पंप वाचकांनी पाहिले असतील. तिथेही ट्यूबिंगला खाली अँकर लावतात. नाहीतर प्रत्येक हेलकाव्यासरशी ट्यूबिंग ताणते-आखडते, पंपाचा स्ट्रोक वाया जातो आणि नळी केसिंगवर घासून झिजते.)

असे साधन बसले की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय नाही. हाती असतात ते काटे आणि कागद. माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग यासाठी सांगतो. कंत्राटदार कंपनीच्या माणसांनी एका जुन्या विहिरीत पॅकर बसवला, शिअर पिना (पॅकर बसताना ठरलेल्या जोराला तुटणाऱ्या खिट्ट्या) तुटल्याचा झटका वर स्पष्ट जाणवला आणि ‘सेट झाला’ असे सर्वांनी मानले. पुढच्या कामाची घाई होती. तरीही नियमाप्रमाणे वीस हजार पाउंडांची ओढ देऊन पाहायची ठरली. मार्टिन डेकरचा, म्हणजे पाइपावरचा भार दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा वर चढला, क्षणभर थांबला आणि मग अगदी सावकाश, हिसका न देता, खाली उतरू लागला. पाइप तुटला असता तर काटा धाडकन पडला असता. हा सावकाश उतरणारा काटा स्लिप घसरत असल्याचे सांगत होता. पॅकर वर काढला तेव्हा दातांच्या फटी करड्या, चिकट थराने बुजलेल्या होत्या. नखाने खरवडला तर तो केसिंगवर साचलेला क्षार आणि गंज निघाला. दात पोलादापर्यंत पोहोचलेच नव्हते.

चूक कागदावर सापडली. पॅकरपूर्वी केसिंगमध्ये स्क्रेपर फिरवून भिंत खरवडून घेतात. दैनंदिन अहवालात ‘स्क्रेपर फिरवला’ एवढेच लिहिलेले होते, किती खोलीपर्यंत ते लिहिले नव्हते. पाइपांचा हिशेब पुन्हा मांडल्यावर कळले की पॅकरच्या जागेच्या ३० मीटर वरच तो थांबवलेला होता. पुन्हा खरवडून पुन्हा पॅकर बसवला, काटा जागेवर राहिला. दीड दिवस गेला, माणसांना इजा झाली नाही. तो काटा पाहण्याआधीच वरची सुरक्षासाधने उतरवली असती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करतो.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीवर ११ जणांचा बळी गेला. त्या चौकशीतील एक बाब आमच्या कामाशी थेट निगडित आहे. समुद्रतळाशी केसिंग हँगर (केसिंग ज्याला टांगलेले असते तो भाग) जखडून ठेवणारी लॉकडाउन स्लीव्ह सर्वांत शेवटी बसवायचे ठरले होते. ती बसवायला सुमारे एक लाख पाउंडांचा भार लागणार, तो भार देणारा पाइप तिच्या खाली लोंबकळण्यासाठी जागा हवी, म्हणून सिमेंटचा प्लग समुद्रतळापासून तब्बल ३,३०० फूट खाली घेण्याचे ठरले आणि तेवढ्या उंचीचा जड चिखल (विहिरीचा दाब अडवून धरणारा द्रव) काढून समुद्राचे हलके पाणी भरावे लागणार होते. सिमेंटचा प्लग घेण्यापूर्वी झालेल्या विहिरीच्या चाचणीत ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता. विहीर आतून बंद नाही, हे तो काटा सांगत होता. पण त्या दाबाला दुसरेच कारण लावले गेले आणि काम पुढे रेटले गेले. जखडण्याच्या एका साधनाचा क्रम बदलला की साऱ्या विहिरीची मांडणी कशी बदलते, हे इतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मुंबई हायकडे वळतो. जुन्या विहिरींना नव्या दिशेने फाटे काढताना खालचा भाग आतून बंद करावा लागतो, आणि संपलेल्या विहिरी पुढे कायमच्या बंद कराव्या लागतील. माझे मागणे एवढेच आहे की, प्रत्येक पॅकर आणि प्लगमागे त्याचा पूर्ण कागद विहिरीबरोबर पुढच्या माणसाच्या हाती जावा. साधन किती खोलीवर बसले. केसिंगचे वजन आणि प्रत काय. कॉलर लोकेटरच्या आलेखाप्रमाणे ते दोन पाइपांच्या जोडावर तर आले नाही ना. पिना किती होत्या आणि किती दाबाला तुटल्या. स्क्रेपर कुठवर गेला. ओढ किती दिली आणि काटा किती वेळ स्थिर राहिला. विशेषतः दाबाची चाचणी वरून झाली की खालूनही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. वरून दाब दिला की प्लग खालच्या बाजूला रेटला जातो आणि खालच्या दिशेची पकड तेवढी तपासली जाते. विहीर मात्र त्याला खालूनच ढकलणार असते.

खरेदीच्या निविदांविषयीही एक सांगायला हवे. पॅकर आणि प्लगच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ११डी१ या मानकात तपासणीच्या व्ही-६ ते व्ही-० अशा श्रेणी आहेत. व्ही-६ म्हणजे निर्मात्याने स्वतः ठरवलेली तपासणी, व्ही-३ पर्यंतची तपासणी द्रवाने होते, वायूने तपासणी व्ही-२ पासून पुढे, आणि व्ही-० मध्ये एक बुडबुडाही चालत नाही. ज्या विहिरीत वायूचा दाब वर्षानुवर्षे अडवायचा आहे, तिथे केवळ द्रवाने तपासलेले साधन स्वस्त पडते म्हणून घेणे मला कधीच पटले नाही.

ज्यांनी हे पॅकर आपल्या हातांनी बसवले, ती माणसे आता निवृत्त होऊन उरण, पनवेल, डोंबिवली अशा ठिकाणी राहत आहेत. अहवालात न उतरलेल्या कितीतरी गोष्टी त्यांना आठवतात: कोणती विहीर क्षार धरते, कुठले केसिंग चेपलेले आहे, कुठला प्लग दुसऱ्या प्रयत्नात बसला. माझ्या कामाच्या डायऱ्या मी जपून ठेवल्या आहेत. संबंधितांनी मागितल्या तर त्या मी स्वतः नेऊन देईन आणि हस्ताक्षर लागत नसेल तिथे शेजारी बसून वाचूनही दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वर्कओव्हर पर्यवेक्षक,
उरण, जि. रायगड