पुनर्विकासाच्या फायलीत जिन्याखालचा माणूस कुठे आहे?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

बोरिवली घ्या, पार्ले घ्या, नाहीतर मुलुंड-चेंबूर घ्या. मुंबईच्या उपनगरांत सध्या दर दोन-चार गल्ल्यांआड पत्रे ठोकलेला प्लॉट दिसतो. 1957 साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती इथे उभ्या राहिल्या. त्या आता पडताहेत, आणि पडायलाच हव्यात. गळक्या स्लॅबखाली राहणाऱ्यांना 'जुनं ते सोनं' सांगण्यात काही अर्थ नाही. माझी तक्रार पुनर्विकासाबद्दल नाही, त्याच्या हिशोबाबद्दल आहे.

मी उपनगरातल्या छोट्या दुकानदारांची कागदपत्रं करते. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), जीएसटी, उद्यम नोंदणी, बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) नूतनीकरण, अशी कामं. त्यामुळे एखादी इमारत रिकामी होणार ही बातमी माझ्याकडे 'मॅडम, पत्ता बदलायचाय' अशी येते. पाठोपाठ सगळी मालिका सुरू होते. खाद्यपदार्थांचा परवाना जागेला बांधलेला, म्हणून तो नव्याने काढायचा. जीएसटीत जागा बदलायची तर नव्या जागेचा करार हवा. बँकेला तोच करार हवा, पण घरमालक म्हणतो आधी डिपॉझिट आणा. तरीही अशा माणसाचं मी काहीतरी करू शकते, कारण त्याच्याकडे जुन्या पत्त्याचा एक तरी कागद असतो.

तळमजल्यावर धंदा करणारे साधारण तीन प्रकारचे असतात. गाळ्याचा मालक सोसायटीचा सभासद असतो. त्याला नवा गाळा मिळतो, मधल्या काळाचं भाडं मिळतं, सभेत मत असतं. दुसरा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर बसलेला. त्याची मुदत संपली की तो संपला, मग तिथे वीस वर्षं धंदा केलेला असो. तिसऱ्याकडे कागदच नसतो. इस्त्रीवाला, चप्पल शिवणारा, चाव्या करून देणारा, पॅसेजमध्ये मशिन टाकून फॉल-पिको करणारी बाई. हे पत्र मुख्यतः या तिसऱ्यांसाठी आहे.

इस्त्रीवाल्याचंच पाहा. जिन्याखाली चार फुटांचं टेबल, त्यावर घड्या घालून अंथरलेलं जाड ब्लँकेट, मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेले फ्लॅट नंबर आणि प्रत्येकापुढे कपड्यांचे आकडे. ती भिंत म्हणजेच त्याची खातेवही. विजेचा पॉइंट सोसायटीच्या मीटरवरून आणि त्यापोटी दरमहा काही रक्कम खजिनदाराच्या हातात. पावती तो मागत नाही, खजिनदार देत नाही, कारण पावती दिली की हक्क तयार होतो हे कमिटीतल्या वकिलाने कधीतरी सांगून ठेवलेलं असतं. तीस वर्षं असं चालतं. मग विकासकाचा माणूस फूटपट्टी घेऊन येतो. प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजतो, गाळे मोजतो, पार्किंग मोजतो, झाडंसुद्धा मोजतो, कारण झाडांसाठी वेगळी परवानगी लागते. जिन्याखालची जागा 'कॉमन एरिया' म्हणून लिहिली जाते आणि खडूची भिंत इमारतीबरोबर जाते.

हा माणूस कायद्याबाहेरचा आहे असं आपल्या अधिकाऱ्यांनी म्हणू नये, म्हणून कायद्याचंच सांगते. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये आला. त्यातली व्याख्या नीट वाचली तर दोन गोष्टी दिसतात. एक, फक्त माल विकणाराच नव्हे, तर लोकांना सेवा देणाराही पथविक्रेता आहे. दुसरं, जागा म्हणून रस्ता, गल्ली, पदपथ, उद्यान यांच्या जोडीला तिथे 'खाजगी क्षेत्र'ही लिहिलेलं आहे. म्हणजे तात्पुरत्या मांडणीतून काम करणारा आमचा इस्त्रीवाला सोसायटीच्या आवारात बसला म्हणून या कायद्यातून सुटत नाही. याच कायद्यात दर पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करायचं बंधन आहे आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही असंही कलम 3 सांगतं. मुंबईत 2014 मध्ये सर्वेक्षण झालं, त्यावरून झालेले वाद कोर्टात गेले. पण सगळी चर्चा पदपथावरच्या फेरीवाल्याची. गेटच्या आत बसणाऱ्याचं नाव त्या गदारोळात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

याचा परिणाम लांबवर जातो. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना जून 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं. इस्त्रीवाल्याच्या हिशोबात ही रक्कम लहान नाही. पण त्यासाठी विक्री प्रमाणपत्र हवं, ओळखपत्र हवं, निदान पालिकेचं शिफारसपत्र तरी हवं. मोजणीतच नाही त्याला शिफारस कोण देणार?

आता नव्या इमारतीत काय येतं ते सांगते. वरचे रहिवासी दोन-तीन वर्षांनी परत येतात तेव्हा तळमजला ओळखू येत नाही. उंच काचा, मोठे गाळे, त्यात बँक, डायग्नोस्टिक सेंटर, सलून. पूर्वी जिथे पाच छोटी दुकानं होती तिथे एक मोठं, कारण मोठा गाळा विकणं विकासकाला सोपं. कुठे कुठे काचेला आतून कागद चिकटवलेलं गोदाम येतं, दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांचं. ते बाहेरून दुकान दिसत नाही आणि आत गिऱ्हाईक जात नाही. दारात मात्र दिवसभर मोटारसायकली आणि त्यांवर टेकून पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारी पोरं. त्यांना बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. या गोदामांना दुकान म्हणायचं की गोदाम, याचं स्पष्ट उत्तर आपल्या खात्याने एकदा द्यावं. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

चक्कीचं तर विचारूच नका. चक्कीवाला बहुधा भाडेकरू. त्याला थ्री-फेज कनेक्शन लागतं, खाली पक्का ओटा लागतो आणि जात्याला टाकी लावायची (छिन्नीने दगड खरबरीत करायचा) तर आवाज होणारच. नव्या इमारतीची कमिटी पहिल्याच सभेत ठराव करते: पिठाची गिरणी, गॅरेज चालणार नाही. मग त्याच कमिटीतल्या आजी दळणाचा डबा रिक्षात घालून स्टेशनच्या पलीकडे नेतात.

यावर आपलं खातं म्हणेल की खाजगी जमिनीवर, खाजगी सोसायटीने, खाजगी विकासकाशी केलेला हा करार, सरकारचा संबंध काय? संबंध आहे. चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते, सरकार देतं. फंजिबल, म्हणजे त्यावरचं जादा चटईक्षेत्र, सरकार देतं. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने विकासकांना प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकामासाठी भरायच्या अधिमूल्यात, 50 टक्के सवलत दिली, ती त्या वर्षाअखेरपर्यंत होती. आणि ती देताना अट घातली की सवलत घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. सवलतीला अट जोडता येते हे आपल्या सरकारनेच दाखवून दिलं आहे. सहकार खात्याच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरणसुद्धा सक्तीचं केलं. एवढं बारीक लक्ष घालणाऱ्या व्यवस्थेला जिन्याखाली एकदा वाकून बघणं अवघड नसावं.

विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 आपल्याच खात्याने मंजूर केली. तिच्यात सोसायटीचं ऑफिस आणि फिटनेस सेंटर ठरलेल्या मर्यादेत चटईक्षेत्रात धरलं जात नाही. चांगलं आहे, लोकांनी व्यायाम करावा. (आमच्या भागातल्या बहुतेक फिटनेस सेंटरमध्ये लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या असतात, ते असो.) ट्रेडमिलला जी सवलत मिळते ती इस्त्रीच्या टेबलाला का मिळू नये? प्रत्येक पुनर्विकासात, रस्त्याकडेच्या बाजूला, पन्नास-साठ चौरस फुटांचे दोन-तीन सेवा-कट्टे चटईक्षेत्रात न धरता बांधू द्या. मालकी सोसायटीचीच राहू द्या, ते विकायला बंदी घाला आणि जुन्या आवारात काम करणाऱ्याला पहिला हक्क द्या. भाडं पालिकेने ठरवावं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली हा फेरबदल करता येतो. त्याला नवा कायदा लागत नाही.

हे कट्टे दोन वर्षांत मोबाइलच्या दुकानांना पोटभाड्याने जातील, अशी शंका मला स्वतःला आहे. छोट्या धंदेवाल्यांना मी जवळून ओळखते, ते काही संत नाहीत. पण पोटभाडेकरू शोधणं पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला जमतं, मनात असलं तर. शिवाय ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याच्यावर कसलीच अट घालता येत नाही.

म्हणून कट्ट्यांच्याही आधीची मागणी नोंदीची आहे. कमेन्समेंट सर्टिफिकेटच्या (बांधकाम सुरू करायच्या परवानगीच्या) अर्जासोबत जसा झाडांचा तपशील जातो, तसा प्लॉटवर उपजीविका करणाऱ्यांचा तपशील जावा. नाव, काम, अंदाजे किती वर्षांपासून, आणि सोसायटीचे पदाधिकारी व विकासक यांच्या सह्या. खोटी माहिती दिली तर परवानगी थांबेल एवढी तंबी पुरे. त्याची प्रत पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीकडे जावी, म्हणजे पुढच्या सर्वेक्षणात गेटच्या आतल्या माणसाचं नाव आपोआप येईल. इमारत पडून उभी राहीपर्यंत त्याला जवळच्या विक्री क्षेत्रात तात्पुरती जागा देता येईल का, हेही समितीला तेव्हाच ठरवता येईल.

ठाणे, डोंबिवली, वसई इथे डिसेंबर 2020 पासून मुंबईबाहेरची एकात्मिक बांधकाम नियमावली लागू आहे. तिथेही हीच लाट येते आहे, तेव्हा हा बदल मुंबईपुरता ठेवू नये.

आपल्याकडून मला एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं आहे: पथविक्रेता कायद्यातल्या 'खाजगी क्षेत्र' या शब्दांत सोसायटीचं आवार येतं की नाही? येत असेल तर तसं परिपत्रक सर्व महापालिकांना काढावं. आमच्या भागातल्या बऱ्याच सोसायट्यांचे विकासकांशी करार झाले आहेत आणि पावसाळा संपला की त्या रिकाम्या व्हायला लागतील. परिपत्रक त्याआधी निघालं तर त्याची प्रत मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जाला जोडीन.

कळावे,
आपली,
उपनगरातली एक कर सल्लागार