दुकानात पडलात, तर तीनशे रुपयांचे बिलही जपून ठेवा

मा. संपादक,

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लगीनसराई जवळ आली की जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. दारात कूलर, त्याच्या टाकीतून झिरपणारे पाणी आणि खाली गुळगुळीत टाइल्स. शिवाय पायरीजवळचा गटारावरचा हलता ढापा, डोक्यावर कलंडलेली पोत्यांची थप्पी, सांडलेले तेल. यात कुणाचे मनगट किंवा खुब्याचे हाड मोडले, तर घरचे लोक ‘नशीब’ म्हणतात आणि ओळखीच्या दुकानदाराच्या भिडेने गप्प बसतात. भीड सोडून दावा करायचा, तर पहिल्या आठ दिवसांतच काय काय करावे लागते, ते लोकांना सांगायला हवे.

ग्राहकाला सुरक्षित वावरता येईल एवढी काळजी दुकानदाराने घेतली नाही, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. आयोगाची आर्थिक मर्यादा आणि तक्रारीचे शुल्क आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर ग्राहकाने मोजलेल्या किमतीवर ठरते. ही किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. म्हणजे तीनशे रुपयांच्या किराण्याच्या बिलावर शस्त्रक्रियेचे दोन लाख मागितले, तरी आयोगाची फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने नवापूरच्या माणसाला जळगावच्या दुकानात लागले, तरी नंदुरबारचा आयोग चालतो. मुदत मात्र दोन वर्षांची.

बिलच नसेल तर ‘हे आमचे ग्राहकच नाहीत’ हा पहिला बचाव येतो. यूपीआयची नोंद तिथे उपयोगी पडते. खरेदी होण्याआधीच पडलात, तर बहुधा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की पाटीमागचे खरे कायदेशीर नाव कळते. साखळी दुकान असेल तर शाखा आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. नुसते पाटीवरचे नाव घालून केलेली तक्रार नोटीस बजावतानाच अडते.

आता पुराव्याचे. नुसते ‘फरशी ओली होती’ म्हणून भागत नाही. पाणी बराच वेळ तिथे होते आणि दुकानाला ते दिसायला हवे होते, हे दाखवावे लागते. पोछा फिरण्याआधी सोबतच्याने फोटो काढावेत: ओली फरशी, गळणारा कूलर, त्याखाली ठेवलेली बादली किंवा भिजलेले पोते. बादली ठेवली होती, याचा अर्थ गळती माहीत होती! सीसीटीव्हीचे चित्रण पडल्याच्या क्षणापुरते मागू नका, आधीच्या तासाभराचे मागा. अनेक ठिकाणी ते १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ‘अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवा’ असे पत्र त्याच आठवड्यात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. पत्र मिळूनही चित्रण नष्ट झाले, तर त्याचा अर्थ दुकानाविरुद्ध काढता येतो. चित्रण हाती आले तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या खरेपणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

सर्वात जास्त दावे आमच्या पाहण्यात दवाखान्यातच बिघडतात. पोलिसांची कटकट नको म्हणून रुग्ण ‘घरी पडलो’ सांगतो आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. पुढे ते खोडणे फार अवघड. कुठे, कसे, किती वाजता पडलो, हे डॉक्टरांना पहिल्याच वेळी लिहायला सांगा. एक्स-रे, औषधांची व फिजिओथेरपीची बिले, बुडालेल्या मजुरीचा किंवा पगाराचा दाखला ठेवा. कायमचे अपंगत्व राहिले तर सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या.

दुसरा घात ‘औषधपाण्याला’ मिळालेल्या दोन-तीन हजारांचा. पैसे घेताना ‘आता काही तक्रार नाही’ या ओळीखाली सही झाली, की पुढे तोच कागद आयोगासमोर येतो. ‘ग्राहकांनी आपल्या जबाबदारीवर वावरावे’ या पाटीला मात्र घाबरू नये. हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या गाडीच्या चोरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे की अशा अटीआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येत नाही. ग्राहकाचीही चूक असेल, म्हणजे तो मोबाइलमध्ये डोके घालून चालत असेल, तर भरपाई कमी होऊ शकते. गुंतागुंतीच्या साक्षीपुराव्याचे प्रकरण आयोग दिवाणी न्यायालयाकडेही पाठवू शकतो.

व्यापारी बांधवांनी याला वैर समजू नये. दुकानाच्या विम्यात त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी घेणारा भाग असतो किंवा जोडून घेता येतो. तो आहे का, हे पॉलिसीत आजच पाहावे. असेल तर अपघात झाल्याबरोबर विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण उशिरा कळवले किंवा कंपनीला न विचारता परस्पर तडजोड केली, तर ती हात वर करते.

– ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते, जळगाव