आईच्या पायाबद्दल, आणि माझ्या लाल उजेडाबद्दल

बर्मिंगहॅम,
रविवार, संध्याकाळ

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

आईच्या पायाचा फोटो मिळाला. गुरुवारी फोनवर तुम्ही विचारलंत की तिच्या शुगरच्या जखमेला ते लेझर लावून घेऊ का, दहा सिटिंगचे पैसे आधी भरायला सांगतायत. मी नुसतं 'थांबा' म्हणाले आणि फोन ठेवला, कारण समोर पेशंट बसला होता. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी स्वतः दिवसभर लेझरच धरून उभी असते आणि आईला मात्र नको म्हणते. म्हणून सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

दातांची डॉक्टर कॅन्सरच्या विभागात काय करते, असं काकू अजून विचारते. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन देतात, आपल्याकडे सगळे त्याला शेक म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं. तुम्हाला हे मी सांगायला नको, तुम्ही काकांजवळ बसला होतात. मला आठवतं ते एवढंच, की काकूने बिनमिठाचं ताक चमच्याने पुढे केलं आणि काकांनी ऊसबिलाच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहिलं, 'नको'. बोलताच येत नव्हतं. वजन इतकं उतरलं की शेक मध्येच थांबवावा लागला. शेकात खंड पडला की आजाराला सवड मिळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. २०११ साल, मी बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते.

इथे आल्यावर परदेशी दंतवैद्यांची ओआरई परीक्षा पास होईपर्यंत मी तीन वर्षं डेंटल नर्स म्हणून काढली. खुर्ची पुसायची, हत्यारं धुऊन यंत्रात लावायची. त्याच काळात एका इस्पितळात रेडिएशनआधी पेशंटचे दात तपासतात त्या विभागात बदली मिळाली, आणि एक दिवस तिथल्या बाईंनी माझ्या हातात लेझरचा, पेनासारखा एक दांडा दिला. दोघींनी आणि पेशंटने रंगीत चष्मे लावले. दांड्याचं टोक गालाच्या आत टेकवलं तर गाल बाहेरून लाल दिसायला लागला. लहानपणी लाईट गेली की आम्ही बॅटरीवर तळहात दाबून बोटं लाल करायचो ना, अगदी तसा. चटका नाही, आवाज नाही. काही सेकंद एका जागी, मग बोटभर पुढे, मग जिभेच्या कडेला. पेशंट शांत बसून होता.

मी त्या रात्री घरी जाऊन वाचत बसले. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यावर रुबी लेझर सोडला. लेझरने कॅन्सर होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कॅन्सर झाला नाही, उलट उजेड पडलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. मग त्यांनी हाच मंद उजेड माणसांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. तेव्हा आप्पा, तुमचा प्रश्न मुळीच वेडगळ नाही. माणसांवर या विद्येची सुरुवातच पायाच्या जखमांपासून झाली आहे.

पण वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की मी लॅपटॉप मिटून बसले. २००६ सालीच मणिपालच्या लोकांनी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना शेकाच्या काळात हेलियम-निऑन लेझर देऊन त्याचा निबंध छापला होता. आपल्या कराडहून मणिपाल काही सातासमुद्रापार नाही. काका त्यानंतर पाच वर्षांनी आजारी पडले. मी कुणाला दोष देत नाही. पण मी याच कामाला का चिकटले, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच आहे. इथल्या नाइस या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये तोंडाच्या या त्रासासाठी लेझर वापरायला हरकत नाही असं सांगितलं, आणि आता जगभरच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही तो आहे.

याने कॅन्सर बरा होत नाही. गाठ दिसते त्या जागेवर आम्ही लेझर धरतही नाही. याने एवढंच होतं की तोंड कमी सोलवटतं आणि माणूस गिळू शकतो. गेल्या महिन्यात एका आजोबांनी पाचव्या आठवड्यात मला डबा उघडून दाखवला, आत दुधात कालवलेली लापशी होती आणि अर्धी संपलेली होती. मला काकूचा चमचा आठवला. मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळाशी उभी राहिले.

आता आईचं. पेशीच्या आत शक्ती तयार करणारे जे कारखाने असतात, त्यातलं एक प्रथिन लाल उजेड शोषून घेतं आणि पेशीचं काम वाढतं, असा याचा मुख्य अंदाज आहे. पण मात्रा फार महत्त्वाची. कमी दिला तर उपयोग शून्य, जास्त दिला तर भरून येणं उलट मंदावतं. म्हणून उजेडाची तरंगलांबी किती नॅनोमीटर, म्हणजे त्याचा नेमका रंग कोणता, आणि एका चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, म्हणजे किती मात्रा, हे दोन आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याच्या हातात आईचा पाय देऊ नका. आधी पैसे तर मुळीच भरू नका. शुगरच्या जखमांवर लेझरचे छोटे अभ्यास आशादायक आहेत, पण पहिला उपाय म्हणून भरवसा ठेवावा इतके भक्कम नाहीत.

आधी तिला सर्जनकडे न्या. पायाची नाडी लागते का, तळव्याला स्पर्श कळतो का, हाडापर्यंत पू गेलाय का, हे बघायला सांगा. रक्तच पोचत नसेल तर उजेड काय करणार? तीन महिन्यांची शुगर काढा. जखमेवर भार पडू नये अशी चप्पल करून घ्या. आई, तू देवघरात अनवाणी जातेस, ते बंद कर, देव रागावणार नाही. हळद, राख, तंबाखूची पूड, काहीही लावू नकोस. काळं दिसलं, वास आला किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

एवढं सगळं नीट चालू होऊनही जखम हटून बसली, तर जोडीला लेझर देता येईल का ते सर्जनांशी मी स्वतः बोलेन.

दर रविवारी फोटो पाठवा. परवाच्या फोटोत जखम केवढी आहे तेच कळत नाही. पुढच्या वेळी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि ट्यूबलाइटखाली नको, दिवसाच्या उजेडात ओट्यावर बसवून काढा.

काकूला नमस्कार.

तुमची,
माई