सहलीची सूचना: चौल ते मालवण

सभासदहो, शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघायचंच आहे. पहिला मुक्काम रेवदंडा. शेजारच्या चौल बंदरात 15व्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितीन उतरला होता. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्या चालतच पाहू. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटावर कुणीही चढू नये, दगड निसटतात. जंजिऱ्याला राजपुरीहून होडीने जायचं. दरवाजाशी उतरताना होडी हेलकावते, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधीच सांगावं, हात द्यायला माणूस ठेवू. पुढे दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, मग विजयदुर्ग, शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग (बांधकाम 1664 मध्ये सुरू). मासे न खाणाऱ्यांनी बुधवारपर्यंत कळवा. घरगुती खानावळींना आयत्या वेळी जमत नाही.