भूकंप, भेंडी आणि मोडी: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न सरकारच्या बाजूने विचारला गेला. गदारोळ झाला, खुलासे झाले, विषय मिटला. खरे तर त्या प्रश्नात नवे काही नव्हते. माझी सगळी नोकरी अंबाजोगाईत, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली, आणि हाच प्रश्न मी कितीतरी बापांच्या तोंडून ऐकला आहे. रान विकून पोराला शिकवणाऱ्या माणसाला तो विचारायचा हक्क आहे. सरकारने विचारला, तर मात्र उत्तर ऐकून घ्यायला थांबायला हवे होते. ते उत्तर मराठवाड्यात आहे, फक्त ते कोणत्याही एका खात्याच्या फायलीत सापडायचे नाही.

किल्लारीपासून सुरुवात करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झाले, हे तुम्हाला सांगायला नको. त्याआधी वर्षभर, १९९२ मध्ये, त्या भागात धक्के जाणवत होते आणि लोक घाबरून अंगणात झोपत होते. तरीही सरकारी नकाशावर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे पुस्तकात लिहिलेले होते. त्या पहाटे माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार लोक गेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेला. तेच ओझे अंगावर आले.

त्यानंतर कोण कोण आले ते बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे लोक आले, त्यांनी जमिनीत खोल छिद्रे घेतली. बांधकामाचे अभियंते आले, कारण प्रश्न जितका जमिनीचा होता तितकाच भिंतीचाही होता. मानसोपचारतज्ज्ञ आले, कारण वाचलेली माणसे झोपत नव्हती. मग समाजशास्त्राचे लोक आले, कारण पुनर्वसित गावांत घर सिमेंटचे आणि चौकोनी मिळाले, पण गोठा कुठे बांधायचा, धान्य कुठे ठेवायचे आणि जुनी आळी कोणत्या रांगेत गेली, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नव्हते.

आणि काही भूकंपशास्त्रज्ञ तेरला गेले. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार करणारे सातवाहनकालीन नगर, तेरणेच्या काठावरचे. किल्लारीहून फार लांब नाही. तिथे नदीकाठच्या थरांत आणि जुन्या विटांच्या बांधकामात त्यांना आधीच्या एका मोठ्या भूकंपाच्या खुणा दिसल्या, अंदाजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला, झोन एक हा पट्टाच काढून टाकला गेला आणि लातूरचा भाग झोन तीनमध्ये गेला.

आता सांगा साहेब, तेरच्या मडक्यांचा आणि विटांचा काळ ठरवणाऱ्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला कोणी विचारले असते, की बाबा रे, तुझ्या संशोधनाचा उपयोग काय, तर त्याने काय उत्तर दिले असते? इथे भूकंप होऊन गेला आहे हे कळायला मदत होईल, असे तर तो नक्कीच म्हणाला नसता. त्याला ते माहीतच नव्हते.

दुसरे उदाहरण तुमच्या सरकारच्या अगदी अंगावरचे आहे. २०२३ च्या अखेरीस मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या तहसिलींच्या रेकॉर्ड रूमची कुलपे उघडली. निजामकालीन कागद निघाले. कुठे उर्दू, कुठे मोडी, कुठे फारसी शब्दांनी भरलेली मराठी. आणि मग शोधाशोध सुरू झाली: मोडी वाचणारा माणूस आहे का? उर्दूतला महसुली मजकूर कळणारा कोणी आहे का? २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर हैदराबाद गॅझेट हा शब्द पारावरच्या पोराटोरांच्याही तोंडी बसला. त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे बोलत नाही, ते या पत्राचे काम नाही. मला एवढेच दिसते की लाखो लोकांच्या दाखल्यांचा प्रश्न हातावर मोजता येतील इतक्या लिपीतज्ज्ञांवर येऊन थांबला. मोडी शिकणाऱ्या मुलाला त्याच्या नातेवाइकांनी काय म्हटले असेल, याची मी कल्पना करू शकतो. हैदराबाद संस्थानातली पाच जिल्ह्यांची ही भूमी १९४८ पर्यंत उर्दूत कारभार बघत होती. आज या भागातल्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास आणि उर्दू हे विभाग एकमेकांच्या बाजूला असतात आणि एकत्र एक प्रबंध करून घेत नाहीत.

वैद्यकाकडे वळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली. तपासलेल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. हा आकडा डॉक्टरांच्या नोंदीत कुठे ना कुठे होताच, प्रत्येक दवाखान्यात एकेक. पण त्याचे कारण केसपेपरवर लिहिलेले नव्हते. ते उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुटी नाही. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला गाठीची, कॅन्सरची भीती घातली की ती उचलीत अजून चार पैसे वाढवते आणि पिशवी काढून मोकळी होते. यातला कोणता भाग स्त्रीरोगशास्त्राचा, कोणता अर्थशास्त्राचा आणि कोणता स्त्री-अभ्यासाचा? एकट्या डॉक्टरला मुकादमाची वही दिसत नाही आणि एकट्या समाजशास्त्रज्ञाला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाचता येत नाही.

आमच्या अंबाजोगाईतच हे बघायला मिळते. या एका गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम काढलेले. कृषी महाविद्यालय आहे. कला, विज्ञान, वाणिज्य शिकवणारी महाविद्यालये आहेत. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, म्हणजे मराठी भाषेच्या अभ्यासकाने यावे असेही ठिकाण आहे. पण वैद्यकीयचे विद्यापीठ नाशिकला, कृषीचे परभणीला, आमचे संभाजीनगरला. मंत्री तीन, सचिव तीन. एम.डी., एम.एस.चे विद्यार्थी प्रबंध लिहितात, ऊसतोड कुटुंबांतल्या रक्तक्षयावर, सर्पदंशावर, कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्यांवर. ते कपाटात जातात. दोन किलोमीटरवर बसलेला समाजशास्त्राचा विद्यार्थी शेतकरी आत्महत्येवर पीएच.डी. करतो आणि त्याला त्या कपाटाचा पत्ता नसतो. मी ग्रंथपाल असून मलासुद्धा तो फार उशिरा लागला, तोही चहाच्या टपरीवर एका रेसिडेंट डॉक्टरने सांगितला म्हणून.

मोठ्या प्रयोगशाळेशिवाय वैद्यकीय संशोधन होत नाही, असे कोणी म्हणाले तर जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या हिंमतराव बावस्करांचे नाव सांगावे. कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून पाहिले आणि ‘लॅन्सेट’ला लिहिले. विंचवाने माणसे मरण्याचे प्रमाण त्याने पार खाली आले.

परभणीच्या कृषी विद्यापीठाबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपायचे नाही. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या वर्षी ते सुरू झाले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी देशभर गेली. हळद्या रोगाला तोंड देता यावे म्हणून तिच्यात एका रानभेंडीचा गुण आणलेला आहे. बदनापूरच्या केंद्रातून तुरीचा ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण निघाला. तुरीवर वांझ रोग येतो तेव्हा झाड हिरवेगार वाढते, पसरते, फक्त फूल-शेंग धरत नाही. शेतकरी झाडाकडे बघून खूश असतो आणि खळ्यावर कपाळाला हात लावतो. डोळ्यांना न दिसणारी कोळी हा रोग पसरवते. त्याला दाद न देणारे झाड निवडायला हंगामामागून हंगाम जातात, आणि एका आर्थिक वर्षात ‘आउटपुट’ मागणाऱ्या पत्रकात त्यासाठी रकाना नसतो.

२०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली, हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर केलेली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मराठवाड्यातल्या बायकांचा रक्तक्षय पाहता याहून कामाचे संशोधन कोणते? पण त्याच काळात खरिपाची ज्वारी शेतातून उठली आणि तिच्या जागी सोयाबीन बसले. भाकरीच्या टोपल्यात रेशनच्या गव्हाची चपाती आली. कडबा गेला, त्याबरोबर देवणी आणि लाल कंधारी जनावरेही कमी झाली. वाण तयार करणाऱ्याने आपले काम चोख केले. तो वाण ताटात का पोहोचत नाही, हे शोधण्याचे काम अर्थशास्त्राचे, गृहविज्ञानाचे, आणि माझ्या मते लोकसाहित्याचेसुद्धा आहे. जात्यावरच्या ओव्यांत कोण काय दळत होते, लेकराला काय भरवत होते, याची नोंद आहे. दुसरीकडे ती फारशी नाही.

वेरूळचे एक उदाहरण मला फार आवडते. पुरातत्त्व खात्याच्या एका रसायनतज्ज्ञाने आणि आमच्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने मिळून वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा तपासला. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू निघाले. त्यामुळे गिलावा शतकानुशतके कीड आणि ओल यांपासून टिकला, असा निष्कर्ष त्यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. दोन माणसांनी आपापल्या खात्याचा उंबरा ओलांडला, एवढेच भांडवल.

आता आमची बाजूही झाकून ठेवत नाही. मराठवाड्यात वाईट प्रबंधांचा ढीग आहे. तालुक्याचे नाव बदलले की नवा ‘चिकित्सक अभ्यास’ तयार होतो. पैसे भरा आणि पेपर छापा, अशा नियतकालिकांचा धंदा इथे जोरात चालला. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून एका झटक्यात ४,३०५ नियतकालिके काढली, यावरून तो किती बोकाळला होता हे कळते. पण प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्ती कोणाची होती? नियम मोजणीचा केला की लोक आकडे आणून देतात. ती सक्ती २०२२ मध्ये गेली, मोजण्याची सवय मात्र तशीच आहे. त्यात शिकवणारा तासिका तत्त्वावर, मानधन कधी येईल ते सांगता येत नाही, आणि फेलोशिप सहा-सहा महिने रखडलेली. अशा विद्यार्थ्याने भाड्याच्या खोलीत बसून तुरीचा वाण शोधणाऱ्यासारखी वर्षानुवर्षे वाट बघावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

केंद्राने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. त्यात मानव्यविद्यांना जागा आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे संबंध येईल तेवढीच. म्हणजे मोडी, ओवी, तेरच्या विटा यांची काळजी राज्यानेच घ्यायची आहे.

मागणे फार नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वैद्यकीयचा आणि वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला कृषीचा सहमार्गदर्शक मिळावा, यासाठी संभाजीनगर, नांदेड, परभणी आणि नाशिक या चार विद्यापीठांत साधा करार करून द्या. वेगळी इमारत, केंद्र, उद्घाटन काही नको. मराठवाड्यातल्या प्रत्येक प्रबंधाचा, एम.डी.च्यासुद्धा, दोन पानी मराठी गोषवारा एका ठिकाणी शोधता येईल असा ठेवा. हे काम कोणतेही ग्रंथालय करू शकते, आणि गरज पडली तर माझ्यासारखे निवृत्त लोक फुकट हातभार लावतील. जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी आणि जुनी महसुली उर्दू शिकवणारे एक कायमचे पद भरा, पुढची समिती बसायच्या आत. आणि फेलोशिप पगारासारखी महिन्याच्या महिन्याला द्या. कोणाला द्यायची हे कसून तपासा, त्याला आमची हरकत नाही.

यातल्या एकाही मागणीवर तुमच्या एकट्याच्या सहीने काम होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून खालच्या प्रती पाठवत आहे. चौघांनी एकदा एकत्र बसावे. अंबाजोगाईत बसलात तर तिन्ही महाविद्यालये पायी फिरून दाखवतो.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
अंबाजोगाई, जि. बीड

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी:
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री
मा. कृषी मंत्री
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री (तेरच्या विटा आपल्याकडे येतात)